प्रोफेसर सप्तकची बोटं

सोमवार, ४

मिळाली, मिळाली, मिळाली! अख्खी चित्रकथा मला मिळाली. ऑफिसात उड्या मारता येत नाहीत म्हणून इथे लिहितेय.

आमच्या पाक्षिकात गुप्तहेर वादळ दर पंधरा दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या मुसक्या बांधतो. त्याची चित्रं काढणारे मोठे चित्रकार परवा तडकाफडकी साबणाच्या जाहिराती काढायला निघून गेले. मी इतके दिवस त्यांच्या हाताखाली धूर काढायची. धूर, पाऊस, मोटारींची चाकं आणि पाठमोरी माणसं. वादळच्या कोटाची पाठ माझी, तोंड त्यांचं.

आज कात्रींनी केबिनमध्ये बोलावलं. कात्री म्हणजे आमचे संपादक. त्यांना कुठलंही वाक्य लांबच वाटतं, म्हणून हे नाव. म्हणाले, "बाई, पाच भाग देतो. गोष्टही तुमची, चित्रंही तुमची. बदमाश नवा हवा. पिस्तूलवाले झाले, सुरेवाले झाले, विषवाले झाले. लोक जांभया देतायत. हा लोकांनी डोक्यावर घेतला तर वादळ कायमचा तुमचा. नाही घेतला तर पुन्हा धूर."

मी "हो" म्हणाले आणि बाहेर येऊन पाण्याचे दोन ग्लास प्यायले.

घरी सांगितलं. आत्याने माझ्या तोंडात साखर कोंबली. बाबा म्हणाले, "हं." बाबांचं "हं" म्हणजे इतरांचं भाषण, असं आत्या म्हणते. मला तरी ते "हं"च वाटतं.

बुधवार, ६

बदमाश सापडला! आणि कसा, तर बसल्याबसल्या. मी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले होते, समोर बाबा बटाटे सोलत होते, आत्या चहा पीत होती. पेन्सिल आपली आपण चालायला लागली. टक्कल चकचकीत. भुवया अशा की त्यात चिमणीने घरटं करावं. कान लांब. ओठ घट्ट मिटलेले, जणू जगाने त्याचं काहीतरी लाटलंय आणि तो ते बोलूनही दाखवणार नाही. आणि हातात व्हायोलिन!

नाव, प्रोफेसर सप्तक. हा पिस्तूल चालवत नाही. तिजोरीच्या दारापाशी उभा राहून व्हायोलिन वाजवतो, आणि ते इतकं करुण असतं की पहारेकरी ढसाढसा रडायला लागतात. डोळ्यांत पाणी, हातात रुमाल, समोरचं काही दिसत नाही. तेवढ्यात हा किल्ल्या काढून घेतो. कुठून सुचलं देव जाणे! मला तर गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

आत्याला चित्र दाखवलं तर तिला असा ठसका लागला की चहा नाकातून आला. डोळे पुसत म्हणाली, "छान आहे गं. फारच छान आहे." मग बाबांकडे बघून पुन्हा ठसका. बाबांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि बटाट्यांकडे परत गेले.

त्यांना व्हायोलिन दाखवायला नको होतं का? जन्मभर नाटकगृहाच्या वाद्यवृंदात वाजवायचे ते. मालकांनी रेकॉर्डी लावायला सुरुवात केली आणि वादकांना घरी पाठवलं, त्या दिवशी बाबांनी व्हायोलिनची पेटी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. आता तिच्यावर आत्याचे लोकरीचे गोळे आहेत. मी सुरुवातीला खूप मागे लागले होते. एकदा म्हणाले, "ऐकायला कोण बसलंय?" त्यानंतर विचारणं सोडून दिलं. पण वाईट वाटतंच.

शुक्रवार, ८

कात्रींना पसंत! म्हणाले, "टक्कल आहे ते बरं आहे, शाई वाचेल." त्यांच्याकडून ही स्तुतीच.

चित्रं झाली की ती बोरूच्या टेबलावर जातात. हा संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लिहितो, म्हणून बोरू. शांत माणूस आहे, जरा जास्तच शांत. प्रोफेसरसाठी त्याने वेगळंच वळण काढलंय, शेवटी शेपटीसारखा झोका घेणारं. मी म्हटलं, "एवढी मेहनत कशाला?" तर म्हणाला, "तुमची पहिलीच आहे ना." आणि दौत सांडली. वेंधळा आहे.

मंगळवार, १९

आज माझं डोकं फिरलंय.

दुसऱ्या भागाची पानं काल पेन्सिलने पुरी केली, रात्रभर घरी टेबलावर होती, सकाळी ऑफिसात आणली. शाई भरायला बसते तर प्रोफेसरची बोटं बदललेली! गजावरचा अंगठा, मी सरळ काढला होता, तो वाकवलेला. करंगळी वर टेकवलेली. मनगट उचललेलं. (गज म्हणजे ती तारांवर फिरवायची लांब काठी.) फार हलक्या पेन्सिलीने, पण बदललेली. चौकटीत चौकट घातल्यासारखी नेमकी फक्त बोटं. वादळच्या नाकाला कुणी हात लावला नाही, आणि ते नाक खरंच वाकडं झालंय.

मी शाईची बाटली घ्यायला गोदामात गेले होते तेवढ्यात कुणीतरी केलं असणार. आणि माझ्या टेबलाशेजारी कोण बसतं? बोरू. सरळ विचारलं, "माझ्या चित्रांत नाक खुपसलंत का?" तो लालबुंद झाला. "मी? नाही हो. मी तर तुमच्या पानांना हात धुऊन हात लावतो." लालबुंद झाला म्हणजे झालंच की! चोराच्या मनात काही असल्याशिवाय कोण लाल होतं? मी त्याला चोंबडा म्हणाले. त्याने फुग्यात एक अक्षर गाळलं.

चिडचिड याची की बदललेली बोटं जास्त चांगली दिसतात. शाई त्याच रेघांवरून भरली.

शनिवार, २३

पहिला भाग बाजारात आला! कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवाल्याकडे मुद्दाम तीन वेळा जाऊन आले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, गठ्ठा संपला, आता उद्या या." मला त्याची पापी घ्यावीशी वाटली. बसस्टॉपवर दोन शाळकरी मुली छत्रीवर काठी घासत एकमेकींना म्हणत होत्या, "रड! रडतेस की नाही?" मी इतकी हसले की बस चुकली.

घरी अंक आणला. बाबा म्हणाले, "मी असलं काही वाचत नाही." बरं, नका वाचू. संध्याकाळी अंक कुठे दिसेना. सापडला तो बाबांच्या खुर्चीच्या गादीखाली. ती गादी एका बाजूला बसलीये, आत्याने उंची सारखी करायला घातला असणार. माझ्या कलेचा हा उपयोग!

बुधवार, ११

घोटाळा, महाघोटाळा.

दुसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ उलटं छापलं गेलं. छपाईचे ठसे बनवणाऱ्या ब्लॉकवाल्याने फिल्म उलटी लावली. एरवी लगेच कळतं, अक्षरं उलटी दिसतात. पण या चित्रात एकही फुगा नव्हता. नुसता प्रोफेसर, मोठा, समोरून, व्हायोलिन वाजवताना. डाव्या हाताचा गज उजव्या हाताला असायला हवा होता की उजव्याचा डाव्याला, हे मलाही तासभर कळेना. शेवटी बोरूने आरसा आणून समोर धरला. आमचा प्रोफेसर डावखुरा होऊन साऱ्या शहरात गेलाय.

कात्रींनी ब्लॉकवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. मग माझ्याकडे वळले. "आता काय छापायचं? चूकभूल द्यावी घ्यावी?"

मला कुठून बळ आलं कुणास ठाऊक. म्हटलं, "चूक कसली? प्रोफेसर डावखुराच आहे. इतके दिवस उजव्या हाताने वाजवून तो पोलिसांना झुलवत होता. चौथ्या भागात वादळला ते कळतं." कात्रींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हे आधीच ठरलं होतं?" "अर्थातच," मी म्हणाले. बोरू मागे उभा होता, त्याने आरसा छातीशी धरला होता आणि असा हसत होता जणू त्यालाच बक्षीस मिळालंय.

अजून एक. प्रत्येक भागात बोटं दुरुस्त होतायत. मी बोरूला आता विचारत नाही. करू दे बापडा.

गुरुवार, १२

आज जेवताना बाबांना काय झालं कोण जाणे. चमचा खाली ठेवून म्हणाले, "डावखुरा माणूस वाद्यवृंदात बसूच शकत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही तर असलं वाचत नाही ना?"

"ओझरतं दिसलं. वर्तमानपत्रवाल्याकडे टांगलेलं. उलटा धरला तर तारा उलट लावाव्या लागतील."

"लावल्यात त्याने. बदमाश आहे तो."

"आणि शेजारच्याच्या डोळ्यात गज जाईल त्याचं काय? वीस माणसं खेटून बसतात. सगळ्यांचे गज एका बाजूला झुकतात, एकदम वर, एकदम खाली. एक जरी उलटा गेला तरी माळ्यावरच्या स्वस्त तिकिटातल्या माणसालाही दिसतं." मग स्वतःशीच, "आणि कान. माणसाचे कान इतके लांब नसतात."

"त्याचे आहेत," मी म्हणाले.

आत्या टेबलाखाली पडलेला रुमाल शोधायला गेली ती बराच वेळ वर आलीच नाही. बाबा गेल्या वर्षभरात इतकं सलग बोलले नव्हते. आणि बोलले तेही माझ्या चुका काढायला! मला जरा लागलंच ते.

शुक्रवार, २०

बाबा बाजारात जाऊन आले. "कुठे गेला होतात?" "बुटांच्या नाड्या आणायला." त्यांच्या बुटांना नाड्या नाहीतच. वय झालं, दुसरं काय.

मंगळवार, २४

खप चढलाय. कात्री चक्क शीळ घालत आले, बेसूर. मग मला बोलावून म्हणाले, "पाचवा भाग. शेवटच्या चौकटीत बदमाश मेला पाहिजे. गोळी छातीत, धूर, वादळ उभा, बदमाश आडवा. लोकांना ते लागतं. शनिवारी पानं माझ्या टेबलावर. हे जमलं की वादळ तुमचा, शब्द देतो."

म्हणजे एवढंच उरलंय. एक गोळी काढली की झालं! मग मी का रडवेली होऊन घरी आले?

एक तर त्याला पकडायचं कसं हेच सुचत नाही. मी त्याला इतका हुशार करून ठेवलाय की वादळ जवळ आला की वादळच रडतो. आणि दुसरं, मला त्याला मारायचंच नाहीये. त्याने कधी कुणाला चापटसुद्धा मारली नाही. लुटलेलं सोनंही तो खर्च करत नाही, मी त्याला खर्च करताना कधी काढलंच नाही. त्याला फक्त कुणीतरी ऐकायला हवंय. पहारेकरी तर पहारेकरी.

जेवताना हे सगळं बोलून गेले. बाबांनी विचारलं, "मारलंच पाहिजे का?"

"नाही मारलं तर मला पुन्हा धूर."

बाबांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "तुला हवं ते कर. तुझी पहिली आहे." आणि खिडकीशी जाऊन बसले. आत्या माझ्यावरच डोळे वटारत होती. मी काय केलं आता?

गुरुवार, २६

तीनदा काढला. तीन प्रकारे मारला. एकदा गोळी, एकदा गच्चीवरून, एकदा झुंबर पडून. तिन्ही वेळा तोंड काढायची वेळ आली की हात आखडतो. तिन्ही कागद चुलीत.

शनिवार, २८

एवढं सगळं एका दमात कसं लिहू!

सकाळी उठले तीच डोक्यात एक गोष्ट घेऊन. बाबा म्हणाले होते ना, सगळे गज एकदम? तर प्रोफेसर पोलिसांपासून लपायला मोठ्या नाटकगृहात शिरतो. दिवे मालवले की वाद्यवृंदातल्या रिकाम्या खुर्चीवर गुपचूप जाऊन बसतो. वीस काळे कोट. वादळ माळ्यावर उभा, सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही, ओळखणार कसा? तर गजांवरून! एकोणीस गज इकडे झुकलेले, एकच तिकडे. सुरांत रंगला की उजव्या हाताचं सोंग विसरतो ना तो!

मी ओरडतच स्वयंपाकघरात गेले. "बाबा! एकदम वर, एकदम खाली म्हणजे कसं? मला दाखवा ना, मला काढायचंय! रिकामी खुर्ची कुठे ठेवू?"

बाबांच्या हातात बटाटा होता. म्हणाले, "खांबाजवळची. शेवटची. तिथे बसणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मी जन्मभर तिथेच बसलो."

मग त्यांनी सुरी आणि झारा घेऊन दाखवायचा प्रयत्न केला. सुरी म्हणजे गज, झारा म्हणजे व्हायोलिन. मला काही कळेना. "असं नाही कळायचं," ते वैतागून म्हणाले, स्टूल ओढलं, कपाटावर हात घातला आणि पेटी खाली घेतली. आत्याचे गोळे घरभर घरंगळले. ती लोकरीवरून कुणालाही फाडून खाते, पण आज नाही.

जुन्या तारा लोंबत होत्या. बाबांनी खिशातून पाकीट काढलं. नव्या तारा! त्या बुटाच्या नाड्या! मी तोंड उघडलं, आत्याने माझ्या पायावर पाय दिला, मी मिटलं.

त्यांनी तारा लावल्या, कान लावून लावून जुळवल्या, आणि "हे बघ, सगळे असे वर जातात" म्हणत सुरुवात केली. वर गेला गज, खाली आला, पुन्हा वर. मग ते दाखवायचं विसरले आणि नुसते वाजवायला लागले.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही हे मी आधी लिहिलंय. पण समोरचा कागद मला दिसेना. आत्या पदराने डोळे टिपत होती आणि हसत होती. मी पेन्सिल हातात धरून लहान मुलीसारखी रडले.

तेवढ्यात दार वाजलं. बाबाच वाजवत वाजवत गेले आणि कोपराने कडी काढली. दारात बोरू. पानं न्यायला आला होता, कात्री घड्याळाकडे बघत बसले होते म्हणे. त्याने बाबांकडे बघितलं. टक्कल, भुवया, कान, व्हायोलिन. हातातलं पुडकं खाली पडलं आणि त्याने दोन्ही हात वर केले.

"प्रो... प्रोफेसर!"

बाबांनी गज थांबवला. "आत या. चहा घेता, की आधी रडून घेता?"

मी बाबांकडे बघितलं. मग कागदाकडे. मग पुन्हा बाबांकडे. आई गं! पाच महिने झाले असते तरी मला दिसलं नसतं. टक्कल तेच, भुवया त्याच, ते घट्ट मिटलेले ओठही तेच.

आत्याचा आता स्फोटच झाला. "अगं ठोंबे, पहिल्या दिवसापासून मी ठसके खातेय!"

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"घरात आरसा आहे."

"मग बोललात का नाही?" आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्रभर टेबलावर असलेली पानं. "बोटं! बोटं तुम्ही बदलत होतात!"

बाबा चक्क चिडले. "मग काय करू? माझं तोंड लावून तो माणूस साऱ्या शहरासमोर गज झाऱ्यासारखा धरणार, आणि मी गप्प बसू? कान सहन केले मी. बोटं नाही सहन होणार."

मी त्यांच्या गळ्यातच पडले. व्हायोलिन चेंगरलं असतं, त्यांनी वेळेवर वर उचललं.

बोरूचे हात अजून वरच होते. मी त्याला म्हटलं, "खाली घ्या आता. आणि माफ करा. मी तुम्हाला चोंबडा म्हणाले." तो म्हणाला, "चालेल. तुम्ही काहीही म्हणा." आणि पुन्हा लालबुंद. मग त्या दिवशी लाल कशासाठी झाला होता? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "तुला घरातलं दिसत नाही, ऑफिसातलं काय दिसणार?" हिचं एकेक कोडंच असतं.

पानं तिथेच टेबलावर पुरी केली. बाबा खुर्चीवर बसून गज धरत होते, मी काढत होते, बोरू सुकलेल्या चौकटीत अक्षरं भरत होता. शेवटच्या चौकटीत गोळी नाही. वादळ बेड्या घेऊन खांबाजवळ उभा आहे आणि संगीत संपायची वाट बघतोय. रुमाल त्याच्याही हातात.

संध्याकाळी ऑफिसात कात्रींनी पानं वाचली. पुन्हा वाचली. नाक शिंकरलं. "मेला नाही."

"नाही."

"धूर कुठाय?"

मी म्हटलं, "माळ्यावर एकाला सिगारेट पेटवून देते." त्यांनी मान डोलावली. छापायला गेलं!

सोमवार, २७

वादळ माझा. कात्रींनी सगळ्यांसमोर सांगितलं, दोनच शब्दांत. लोक दारात येऊन विचारतायत की प्रोफेसर तुरुंगात वाजवतो का. मुखपृष्ठावर आता माझं नाव येतं, बोरूने ते लिहिताना शेवटच्या अक्षराला नेहमीपेक्षा लांब झोका दिलाय.

बाबा रोज सकाळी वाजवतात. लोकरीचे गोळे माझ्या खोलीत आलेत. काल खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन बसल्या होत्या, रुमाल घेऊन. बाबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, पण तो सूर त्यांनी दुप्पट लांबवला.

आज नव्या पानांवर प्रोफेसर काढला, तुरुंगाच्या खिडकीशी. कान थोडे लहान केले. बोटांची जागा मुद्दाम कोरी सोडली, पेन्सिलीला छान टोक केलं, कागदाशेजारी ठेवली आणि झोपायला चाललेय.